एक बटण उजवीकडे

"हात झाक!" आर्लिसने फर्मावलं आणि भांडी पुसायचं फडकं थोरल्या बहिणीच्या हातांवर, कीबोर्डसकट, टाकलं. "मंगळवारी नऊला परीक्षा आहे, व्हर्ना. मिनिटाला पन्नास शब्द, तेही न बघता! शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करण्याइतकं सोपं नाही ते."

व्हर्ना नुसती हसली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि नेमकी त्याच शाळेच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली... बसून करायचं काम, खिडकीजवळचं टेबल! तशा टेबलाची ओढ तिला आजची थोडीच होती? एकतीस वर्षं ती रोज सकाळी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीवरून कामाला गेली आणि रोज तिची नजर दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे वळली. त्या खिडकीत आर्लिसची पाठ दिसायची.

एकतीस वर्षांपूर्वी काउंटीच्या कचेरीतल्या त्या जागेसाठी दोघी एकाच खोलीत परीक्षेला बसल्या होत्या. व्हर्नाचा कागद आला तो नुसती गिचमीड! दोन्ही हात एक बटण उजवीकडे ठेवून तिने अख्खं पान बडवलं होतं. "कळलंच नाही गं मला," एवढंच ती म्हणाली. जागा आर्लिसला मिळाली, आणि तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला, टर्की कापता कापता, आर्लिस तो किस्सा रंगवून सांगत आली. सगळं टेबल हसायचं. व्हर्नाही हसायची.

"सुरू!" अंडी उकडायचं टायमर टिकटिकू लागलं. समोरच्या वर्तमानपत्रावर डोळे लावून व्हर्ना टाईप करू लागली. कॉफीचा कप उचलताना आर्लिसचं कोपर कीबोर्डला लागलं आणि तो जरासा सरकला.

"थांब, हात सरकले," व्हर्ना म्हणाली. नजर वर्तमानपत्रावरच होती, पण फडक्याखाली बोटं आपसूक जागेवर आली. पडद्यावर एकच अक्षर चुकलं होतं.

आर्लिसचा कप तसाच अधांतरी राहिला.

"एका अक्षरात कळलं तुला?"

"बोटांना कळतंच की."

"मग त्या दिवशी... अख्खं पान?"

टायमर वाजलं, वाजून थांबलंही. व्हर्नाने फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली.

"डेल तुला टाकून गेला होता," ती हळूच म्हणाली. "तुझी टीना सहा महिन्यांची... बाहेर बाकावर आईच्या मांडीवर रडत होती. आत ऐकू येत होतं गं! माझा वेन निदान खाणीत कामाला होता."

"आणि मी सगळ्यांसमोर तुझी थट्टा करत राहिले!" आर्लिसने कप खाली ठेवला. "का नाही बोललीस? एकदा तरी थोबाडीत मारायची होतीस!"

"बोलले असते तर ती जागा तुझी राहिली असती?" व्हर्नाचे डोळे भरून आले. "मला ती जागा नकोच होती असं नाही, आर्लिस. फार हवी होती! रोज खालून जाताना वाटायचं, एकदा वळून बघशील... हात करशील... पण तुझी आपली पाठच."

आर्लिसने टेबलावरून पुढे वाकून तिचे दोन्ही हात, वाफेने आणि साबणाने खरखरीत झालेले ते हात, आपल्या गालांवर ओढून घेतले आणि ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

मंगळवारी नऊला शाळेच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर, व्हर्ना परीक्षेला बसली. तिने सहज खिडकीतून खाली पाहिलं. पार्किंगमध्ये, बोचऱ्या वाऱ्यात, टोपी कानांवर ओढून आर्लिस उभी होती. मान वर, नजर थेट याच खिडकीवर... आणि ती वेड्यासारखी हात हलवत होती!

"सुरू करा," परीक्षकबाई म्हणाल्या.

व्हर्नाला समोरचा कागद काही क्षण दिसलाच नाही. तिने डोळे पुसले, तर्जन्यांनी बोटांची जागा दाखवणारे दोन बटणांवरचे बारीक उंचवटे चाचपले, आणि या वेळी हात जिथे ठेवायचे तिथेच ठेवले.