सोड म्हटल्याबिगर

पिंट्या, ती बॅटरी इझव अगुदर. उजेडात ऐकायची गोष्ट न्हाई ही. अन मधी मधी "काका, खरं काय?" असं इचारायचं न्हाई. मुंजाजी मिस्त्री माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. पटत आसंल तर ऐका, न्हाई तर गुमान झोपा.

आपला जिल्हा परभणीतून येगळा झाला, ते नव्व्याण्णव साल. खांदमळणीची रात, दुसऱ्या दिवशी पोळा. डोंगरकड्याच्या तातेरावनं मिल्ट्रीच्या लिलावातली एक म्हातारी जीप घेतली होती, तिच्यावर शिटा भरायचा. तिचे मागले दोन्ही हब गेले. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असतो ना, तसा हब. आतली खाच झिजली, त्यामुळं एक्सल फिरायचा अन चाक जागीच. तातेरावनं नांदेडच्या भंगार बाजारातून दोन हब हुडकून आणले अन सांजच्याला जीप ढकलत ढकलत मुंजाजीच्या ग्यारेजात लावली.

पहाटं निघायचंच हाये, म्हणला. त्याची बायको नर्मदाबाई पोटाच्या गोळ्यानं तळमळून राहिली होती. सकाळी नांदेडात आपरेशन. डाक्टरनं बजावलं होतं, येळ चुकली तर बाई हाती लागायची न्हाई. अन पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत, म्हून बैलगाडीचं नावच नको. होती ती जीप.

आता मुंजाजी कसा, ते ऐका. तऱ्हेवाईक. बायको न्हाई, लेकरू न्हाई. तांड्यावरला अमरसिंग वीस वर्सं त्याच्या जोडीला. घर म्हणा, गोत म्हणा, तोच. दिसभर एकमेकावर खेकसायचे अन रातच्याला एका ताटात जेवायचे. तो अमरसिंग आखाडात काविळीनं गेला. तवापासून मुंजाजी हाटेलात बसला की सवयीनं दोन च्या सांगायचा. एक तसाच थंड व्हायचा.

हबाचा मोठा नट आवळायला दोन माणसं लागतात. एकानं पाना ओढायचा, दुसऱ्यानं शिटावर बसून बिरेक दाबून धरायचा, म्हंजे चाक फिरत न्हाई. ह्या दोघांची बोली ठरलेली. मुंजाजी म्हणणार, "दाब." अमरसिंग म्हणणार, "दाबला." अन मुंजाजीनं "सोड" म्हटल्याबिगर अमरसिंग पाय उचलायचा न्हाई, मग गांधीलमाशी का डसंना.

त्या रातीला गावात घरोघरी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून राहिले होते. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं बैलाच्या कानात सांगतात, ठाऊक हाये ना? बैलाला बी आवतण होतं. मुंजाजीला कोणी इचारलं न्हाई. एकट्यानंच त्यानं जुने हब ओढून काढले, एक्सल पुसले, नवे हब बसवले, चाकं चढवली. सगळं बराबर. मग नटाला पाना लावला, अन तोंडातून निघूनच गेलं…

"दाब."

चाक घट्ट झालं.

"दाबला."

अमरसिंगचा आवाज. बसका.

मुंजाजीनं वाकून आत पाहिलं. शिटावर कोणी न्हाई. बिरेकचं पायडल मातर… खाली. पार तळाला टेकलेलं.

तो पळाला? न्हाई. रडला. माणूस लई एकटा पडला ना लेकरांनो, की भ्यायचं बी इसरतो. त्यानं दोन्हीकडचे नट आवळले, पिना घातल्या, जॅक काढला. काम झालं. आता "सोड" म्हणायचं होतं.

म्हटलंच न्हाई.

जीपला पाठ टेकून भुईवर बसला. भाकर एकट्याला गोड लागत न्हाई म्हणला. तांड्याकडं जायला पाय उचलत न्हाई म्हणला. रातभर बोलत राहिला. पायडल तसंच खाली.

तांबडं फुटायच्या आधी चार गडी नर्मदाबाईला बाजंवर घेऊन आले. तिला मागं निजवली. तातेराव शिटावर बसला अन ताडकन उठला. शीट इतकी गार काहून, म्हणला. जीप हलंना. चौघांनी ढकलली. न्हाई. पायडल हातानं ओढलं. न्हाई. पहार घालून पाहिली. न्हाई.

बाई कण्हायची थांबली होती…

तातेरावनं मुंजाजीचे पाय धरले. "मिस्त्री, माझं माणूस जाऊन राहिलं हो."

मुंजाजीला ठाऊक होतं. एकच शब्द. पण तो तोंडातून गेला की… मग कोणीच न्हाई.

तो पायडलाशी वाकला. झोपलेल्याला उठवावं तसं हळूच म्हणला,

"अमर… सोड."

काही न्हाई.

"सोड गड्या. म्या बी सोडलं."

टक्क.

पायडल वर आलं. जीप आपसूक हातभर पुढं सरकली.

नर्मदाबाई वाचली. आजून हाये, जाऊन इचारा.

जीप परत आली तवा म्या मुंजाजीपाशीच बसलो होतो. त्यानं खांदमळणीच्या सांजेला पायडलावर नवं कोरं रबर चढवलं होतं, पुडीतून काढून. कंदील धरून म्या सोता पाहिलं. रबराच्या रेघा गेलेल्या. कडंनं लोखंड उघडं पडलेलं… अन मधी अनवाणी पायाच्या पाच बोटांचे खळगे. वीस वर्सं रोज दाबल्यावाणी झिजलेले.