चार नंबर प्रेसवरचं लेबल

साबियाने लोखंडी पट्ट्या दाबून आकार देणाऱ्या चार नंबर प्रेसला स्क्रीन बसवला त्या दिवशी महाळुंग्यात कडक ऊन होतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये ते दुप्पट लागत होतं. काम साधं होतं. भोसरीत तिचा भाड्याचा एक गाळा होता. तिथे ती मशीनची कंट्रोल पॅनल जुळवायची. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि पायथन, प्रोग्राम लिहायची भाषा, शिकली ती मोबाईलवर व्हिडिओ बघून, सहा महिने, स्वयंपाक करता करता. कोणी शिकवलं नाही म्हणून तिला कोणाचं भयही नव्हतं.

स्क्रीनवर तीन ओळी होत्या. मशीन चालू की बंद, आज किती नग झाले, आणि सुरक्षा. या ओळींना ती लेबल म्हणायची. लेबल म्हणजे नुसती पाटी, तिला स्वतःला काही कळत नाही. मागे प्रोग्राममधलं एक छोटं फंक्शन असतं. ते दर अर्ध्या सेकंदाला मशीनला विचारतं आणि मिळेल ते उत्तर पाटीवर लिहितं. सुरक्षेच्या लेबलला उत्तर द्यायचा लाइट कर्टन: प्रेसच्या तोंडाशी दोन पिवळे खांब, मधे न दिसणारे किरण. हात मधे आला की प्रेस जागच्या जागी थांबते.

आणि तेच मालकाला नको होतं.

दादासाहेब मूळचे महाळुंग्याचेच. जमिनीवर कंपन्या आल्या आणि त्यांनी राहिलेल्या तुकड्यावर स्वतःचं शेड टाकलं. ते खुर्ची ओढून साबियासमोर बसले.

"पोरी, त्यो कर्टन दर चार नगाला मशीन थांबवतो. तासाला चारशे निघायचे तितं अडीचशे निघत्यात. त्याची वायर आमी काढलीया. आता शनवारी मोठ्या कंपनीची मान्सं बघायला येणार. स्क्रीनवर सुरक्षा ठीक दिसाया पायजे. बास."

"वायर काढलीय तर स्क्रीन ठीक कसं दाखवेल, दादासाहेब? तो जे आहे तेच दाखवणार."

"मग त्याला सांगा दावायला. तुमच्याच हातचंय की."

सुपरवायझर रणजीत मागे उभा राहून हसला. "मॅडम, मशीनला काय कळतंय? लिहाल ते वाचेल."

साबियाने नाही म्हटलं. उठून बॅग भरायलाही लागली. तिला थांबवलं ते नवनाथने. नवनाथ चार नंबरचा ऑपरेटर, लातूरकडचा, तिशीचा. दिवसाला तीन हजार वेळा, डायवर म्हणजे खालच्या साच्यावर पट्टी ठेवायला, त्याचा उजवा हात त्या प्रेसच्या तोंडात जायचा आणि बाहेर यायचा.

"साबियाताई, करून टाका," तो हळूच म्हणाला. "टार्गेट होईना म्हणून कंत्राटदार मला दिवाळीला बदलू लालाय. दोन वर्षं झाली, औंदा पर्मनंट करतो म्हनलेत. हात माझाच हाय ना? मी जपतो."

चाकण-भोसरीच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात कुठल्याही बसमध्ये चढा आणि वरचा दांडा धरलेल्या हातांकडे बघा. पाचाची चार झालेली, चाराची तीन झालेली बोटं दिसतील. त्यातला प्रत्येक जण जपतच होता. ज्याचा हात जाणार तोच हात जोडून सांगतो की मला वाचवू नका, अशी व्यवस्था आपण बांधलीय आणि तिला रोजगार म्हणतो.

साबियाने एक ओळ बदलली. सुरक्षेच्या लेबलमागचं फंक्शन काढून टाकलं आणि तिथे कायमचा मजकूर ठेवला: सुरक्षा ठीक. आता ते लेबल कोणालाच काही विचारणार नव्हतं. घरी जाताना तिला स्वतःची किळस आली. भोसरी येईपर्यंत ती टिकली.

चौथ्या दिवशी रणजीतचा फोन आला.

"मॅडम, तुमचा स्क्रीन खोटं बोलतोय राव."

"खोटं बोलायलाच लावलाय ना तुम्ही?"

"तसं नाही. फोटो टाकलाय, बघा."

फोटोत चार नंबरचा स्क्रीन होता. वरची दोन लेबलं नेहमीसारखी. तिसरं म्हणत होतं: हात आत.

साबियाने प्रोग्राम उघडला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शोधलं. "हात आत" हे शब्द कुठेही नव्हते. तिने ते कधी लिहिलेच नव्हते. कर्टन जोडलेला होता तेव्हाही हात मधे आल्यावर लेबल "अडथळा" म्हणायचं. पासवर्ड तिच्याशिवाय कोणाकडे नव्हता.

"त्या वेळी मशीनवर कोण होतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. जेवणाची सुट्टी होती."

ती बसने चाकणला आणि तिथून शेअर रिक्षाने महाळुंग्याला गेली. ती पोचेपर्यंत लेबल पुन्हा "सुरक्षा ठीक" म्हणायला लागलं होतं. तिने स्क्रीनचं मेमरी कार्ड बदललं, प्रोग्राम नव्याने टाकला, तासभर समोर बसून राहिली. काही झालं नाही. प्रेस धाडधाड चालत होती, नवनाथचा हात आत जात होता, बाहेर येत होता.

निघताना तिने त्याला विचारलं, "तुम्हाला काही जाणवतं का मशीनमध्ये? आवाज, झटका?"

नवनाथ तेलाचे हात चिंधीला पुसत राहिला. "आवाज न्हाई. पण परवापास्नं आत जागा कमी वाटू लालीय."

"म्हणजे? डाय हललाय का?"

"डाय जागेवर हाय. मीच मापलं." त्याने चिंधी खांद्यावर टाकली. "कसं सांगू ताई... एसटीत सीटवर अंग चोरून बसावं लागतं ना, बाजूला कोन असलं की? तसं हाताला वाटतंय."

रणजीत लांबून ओरडला, "ए नवनाथ, मॅडमना गोष्टी सांगतोस काय? नग किती झाले ते सांग!"

साबियाने दादासाहेबांना त्याच दिवशी सांगितलं की कर्टन परत जोडा. शनिवार होऊ द्या, ते म्हणाले.

शनिवारच्या आधीच खंडेनवमी आली आणि त्या सकाळी तिला बोलावणं आलं. त्या दिवशी सगळ्या शेडची मशीनं बंद असतात. मेन स्विच खाली पाडून, मशीनं धुऊन पुसून, प्रत्येकाला हळदीकुंकू लावून झेंडूची माळ घालतात. साबियाचा स्क्रीन मात्र इन्व्हर्टरवर चालू ठेवला होता. दादासाहेबांना त्यालाही माळ घालायची होती. त्यावर पुन्हा तेच: हात आत.

रणजीतने कारण शोधून ठेवलं होतं. "हे बघा. पोरांनी कर्टनच्या काचेवर कुंकू फासलंय. किरण अडले. झालं!"

"कर्टनची वायर तुम्हीच काढलीय, रणजीत."

"तरी पण पुसा की."

तिने ओल्या फडक्याने दोन्ही काचा पुसल्या. लेबल बदललं. सुरक्षा ठीक.

"बघा!" रणजीत म्हणाला. "डिप्लोमा तुमचा, डोकं आमचं."

काच पुसल्याने ते लेबल बदलूच शकत नव्हतं. हे त्या शेडमध्ये फक्त तिला कळत होतं, आणि बाकीच्या पोरांना समजावून सांगावं तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागलं असतं.

अकराला पूजा सुरू झाली. जो ज्या मशीनवर, तो त्याची पूजा करतो. नवनाथने नवा शर्ट घातला होता, घडी न मोडलेला. एरवी मशीनला बाहेरून कुंकू लावतात. नवनाथ वाकला आणि ताट डाव्या हातात धरून उजवा हात थेट आत घातला, डायला कुंकू लावायला. रोज जिथे हात जातो तिथेच लावायचं, असं त्याचं म्हणणं.

लेबल बदललं. हात आत.

रणजीत मोठ्याने हसला. "आता कसं खरं बोलला!"

सगळे हसले. दादासाहेबही. साबियाने लॅपटॉप उघडला. समोर तीच ओळ होती, तिनेच लिहिलेली, जागची हललेली नव्हती.

"नवनाथभाऊ, हात बाहेर काढा."

"ताई, मेन बंद हाय की."

"आधी काढा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्याने हात काढला. अंगठ्याला कुंकू होतं. दोन्ही हातांत ताट धरून तो सरळ उभा राहिला.

लेबल म्हणत होतं: हात आत.

कोणी हसलं नाही.

मग प्रेस पडली.

वीज नव्हती, मोटर थंड होती. वरचा सगळा लोखंडी भार एकदाच खाली आला आणि जमीन हादरली. नवनाथच्या ताटातली वाटी उलटली. त्याने ताट सोडून दिलं.

"ब्रेक," रणजीत म्हणाला. "ब्रेकचा लायनर गेला असेल. जुनी प्रेस आहे."

असेलही. नवनाथ आपली बोटं एकेक करून मोजत होता, लहान मूल मोजतं तशी. दहा भरली. त्याने पुन्हा मोजली.

दादासाहेब स्क्रीनकडे बघत होते. "मॅडम, त्ये काढा तितनं. आत्ताच्या आत्ता."

साबियाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "वाचा."

त्यांनी वाचलं. सुरक्षा ठीक. मग मान वर करून स्क्रीनकडे बघितलं.

"कर्टनची वायर कुठं हाय?" त्यांनी रणजीतला विचारलं, अगदी हळू.

रणजीतने खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, वायर आणली. साबियाने ती जोडली, कर्टन इन्व्हर्टरवर घेतला. फंक्शन पुन्हा जागेवर टाकलं. आता लेबल पुन्हा मशीनला विचारत होतं.

मशीनने उत्तर दिलं: हात आत.

"उघडा," साबिया म्हणाली.

कोणी पुढे होईना. शेवटी नवनाथनेच पहार उचलली आणि फ्लायव्हीलच्या भोकात घातली. रणजीतने दुसऱ्या टोकाला जोर लावला. चाक इंचाइंचाने फिरलं. वरचा भार उचलला गेला, बोटभर, मग वीतभर.

आत काही नव्हतं. डायवर नवनाथने लावलेलं कुंकू होतं, चपटं झालेलं. लावलं तेव्हा ते कोरडं होतं, आता ओलं होतं. दोन झेंडूच्या पाकळ्या होत्या.

दादासाहेबांनी सुस्कारा सोडला. रणजीतने पहार खाली ठेवली.

स्क्रीनवर लेबल बदललं.

हात बाहेर.

सगळे न सांगता एकेक पाऊल मागे सरकले, आणि प्रेससमोर एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी झाली.