ग्रॅनाइटच्या ओट्यावरचा डाग

दगड तेल पितो का?

हा प्रश्न रेणुकाला पडला तेव्हा सोलापुरात सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि बाहेर एकावन्न अंश तापमान होतं. स्वयंपाकघरातल्या राखाडी ग्रॅनाइटच्या ओट्यावर भाकरीएवढा काळपट डाग पडला होता. शेंगदाण्याच्या तेलाचा डबा खालून झिरपत होता आणि आठवडाभर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रेणूने साबणाने पुसलं, घासणीने घासलं, गरम पाणी ओतलं. डाग जिथल्या तिथे. बोट फिरवलं तर तेलकटपणाही लागत नव्हता. म्हणजे तेल वर नव्हतंच. मग गेलं कुठे? दगड का स्पंज आहे?

दुसऱ्या दिवशी आई येणार होती. आई सौरप्रकल्पावर पंधरा-पंधरा दिवस कामाला असायची. ओटा खराब झालेला तिला दिसता कामा नये, असं रेणूने ठरवलं होतं. हा ओटा बाबांनी बसवला होता. मल्लेश धोत्रे म्हणजे गावातला नावाजलेला फरशीमिस्त्री. लोकांची घरं सजवून झाल्यावर त्याने स्वतःच्या घरासाठी ही एक लादी निवडली होती आणि तिची कड तीन दिवस हाताने घासली होती. गेल्या उन्हाळ्यात एका इमारतीत काम करताना त्याला उष्माघात झाला. तो घरी आलाच नाही.

तेव्हापासून सरकारने ऊनबंदी आणखी कडक केली होती. अकरा ते पाच घरांची दारं-खिडक्या हवाबंद व्हायच्या. आतली हवा यंत्र गार करून फिरवत राहायचं. दार उघडायचं तर मोठ्या माणसाचा तळहात कुलपावर टेकवावा लागे. मुलांनी उन्हात जाऊ नये म्हणून ही सोय होती.

आजोबा बाहेरच्या खोलीत गार फरशीवर चटई टाकून झोपले होते. नागनाथ धोत्रे लहानपणी आईबरोबर खडी फोडायला जात, आणि पुढे शिकून भूशास्त्रज्ञ (दगडांचा आणि जमिनीचा अभ्यास करणारे) झाले. सून कामावर असली की नातीला तेच सांभाळत.

रेणूने न्हाणीघरातून फरशी धुण्याचं ॲसिड आणलं. तेवढ्यात ठमा घरंगळत आली. ठमा हा घरकामाचा यंत्रमानव, गुडघ्याएवढा, जमिनीलगत फिरणारा, हवेतला विषारी वायू ओळखणारा.

"ती बाटली ओट्यासाठी नाही," ठमा म्हणाली. "मी आईंना कळवू का?"

"नको!" रेणूने तिच्या पाठीचं बटण दाबलं. ठमाचा दिवा विझला.

रेणू स्टुलावर चढली आणि तिने डागावर ॲसिड ओतलं. डाग गेला नाही. उलट त्याच्याभोवतीची चमक मात्र गेली. ती घाबरली. कपडे पांढरे करतं ते ओटाही पांढरा करील, असं वाटून तिने त्याच ओल्यावर ब्लीच ओतलं.

फसफस झाली. हिरवट-पिवळी वाफ उठली. ती वर गेली नाही. ओट्याच्या कडेवरून खाली घसरली आणि फरशीवरून बाहेरच्या खोलीकडे सरकली. रेणूचे डोळे झोंबले, घसा आवळला.

आजोबा खोकत उठले. वास येताच त्यांना सगळं कळलं.

"रेणू! आतल्या खोलीत पळ! दार लाव, पलंगावर उभी राहा. खाली उतरू नकोस!"

"तुम्ही?"

"पळ म्हणतो ना!"

ती पळाली. दार लावून पलंगावर उभी राहिली, तोंडावर ओढणी दाबून. पलीकडून खोकला ऐकू येत होता. तो पुढच्या दाराकडे चालला होता. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. मग कुलपाचा बीप आवाज आला, दार उघडलं, आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर खोकला ऐकू आला नाही.

उघड्या दारातून उन्हाचा लोट आत शिरला आणि वाफ पांगली. समोरच्या मेहरुन्निसा काकूंनी उंबऱ्यावर पडलेल्या आजोबांना ओढून आपल्या घरात घेतलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

आजोबा एकोणीस दिवस इस्पितळात होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचले. पण फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत."

आई रेणूला एका शब्दानेही रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं रेणूला वाटायचं. तिला घास गिळवत नव्हता. ती ओट्याकडे बघतही नसे.

विसाव्या दिवशी आजोबा घरी आले. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र. चार शब्द बोलले की थांबावं लागे. रेणू त्यांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

"माझ्यामुळे झालं ना?"

आई पुढे झाली. "असं काही नसतं गं..."

आजोबांनी हात वर करून तिला थांबवलं. "सुवर्णा, तिला खोटं नको सांगू." मग रेणूकडे वळले. "हो. तुझ्यामुळे झालं. पण तुला माहीत नव्हतं. आता माहीत करून घे. बस."

रेणू बसली. रडू आलं, तेही येऊ दिलं त्यांनी. मग बोलू लागले. एकेक वाक्य, मध्ये यंत्राची घरघर.

"ब्लीचमध्ये क्लोरीन बांधलेला असतो. ॲसिड पडलं की तो सुटतो. वायू होतो. विषारी." ते थांबले. "हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड. म्हणून तो वर जात नाही. पाण्यासारखा खाली वाहतो."

"म्हणून मला कमी लागला," रेणू हळूच म्हणाली. "मी स्टुलावर होते. आणि तुम्ही खाली झोपला होता."

"बरोबर."

"आणि पलंगावर चढ म्हणालात ते त्यासाठीच."

आजोबांनी मान हलवली. त्या दिवशी एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगडाचं सांगितलं. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात, वितळलेला रस लाखो वर्षं सावकाश निवून तयार होतो. त्यात गारगोटी असते, फेल्डस्पार नावाचं खनिज असतं, अभ्रकाच्या चकाकत्या चिपा असतात. हे कण एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, पण त्यांच्या मधे केसाहून बारीक फटी राहतात.

"दिव्याची वात तेल वर कशी ओढते?" आजोबांनी विचारलं.

"धाग्यांच्या मधल्या फटींतून."

"त्याला केशाकर्षण म्हणतात (बारीक फटीतून द्रव आपोआप ओढला जाणं). दगडही तेच करतो. फक्त फार सावकाश."

"म्हणजे दगड तेल पितो!"

"पितो. आठ दिवस दिलेस तर भरपूर पितो."

"मग आधी कधी डाग का पडला नाही?"

उत्तर आईने दिलं. "बाबा दर दिवाळीला ओट्याला ते पाणी लावायचे, आठवतं? तू म्हणायचीस, बाबा ओट्याला तीट लावतात."

ते सीलर होतं (दगडाच्या फटी आतून बुजवणारं औषध). गेल्या दिवाळीला ते कुणी लावलंच नव्हतं. बाबा नव्हते, आणि ते काय लावायचे हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. आई पदराने डोळे पुसत आत गेली.

रेणू उठली आणि गेल्या वीस दिवसांत पहिल्यांदा ओट्याजवळ गेली. आजोबांनी खाटेवरूनच सांगितलं तसं तिने डागापासून दूर, कोरड्या जागी पाण्याचा थेंब ठेवला आणि घड्याळ बघितलं. दहा मिनिटांनी थेंब पुसला. खाली गडद ठिपका उमटला होता. सीलर संपलेलं होतं.

"आता तेल बाहेर काढायचं," आजोबा म्हणाले. "घासून नाही. ज्या वाटेने आत गेलं, त्याच वाटेने."

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रेणूने दाट लेप केला, डागावर बोटभर जाड थापला, वर प्लॅस्टिक लावून कडा चिकटवल्या. एक दिवस झाकून ठेवला. मग प्लॅस्टिक काढून तो वाळू दिला. लेप वाळताना फटींतलं तेल स्वतःत ओढून घेतो. लेप खरवडला तर तो पिवळसर झालेला होता. डाग अर्ध्यावर आला होता. तिने पुन्हा लेप लावला. पुन्हा लावला. चौथ्या लेपानंतर डाग गेला.

ॲसिडने चमक खाल्लेली जागा मात्र तशीच राहिली. तिथे हात फिरवला की खरखरीत लागतं. "तिला मिस्त्रीच लागेल, मशीनवाला," आजोबा म्हणाले. घरातला मिस्त्री नव्हता.

दगड पूर्ण वाळल्यावर रेणू आणि आईने मिळून त्याला सीलर लावलं. रोजची काळजी रेणूने स्वतःकडे घेतली. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, शेवटी कोरडं पुसणं. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं तर लगेच टिपायचं, कारण आंबट पदार्थ सीलर खातात. तिने ठमाला चालू केलं, तेव्हा ठमाने बंद होण्याआधीचं वाक्य पुन्हा म्हटलं, "मी आईंना कळवू का?" रेणू तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि पुष्कळ वेळ रडली.

त्याच आठवड्यात तिने ठमा बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. यंत्रमानव बंद असला तरी त्याचं वायू ओळखणारं नाक जागं राहिलं पाहिजे, असं त्यात होतं. महिन्याने उत्तर आलं. नव्या यंत्रमानवांत तशी सोय करता येईल का, हे ते तपासून बघत होते.

पण इमारतीतल्या बत्तीस घरांत जुनेच यंत्रमानव होते, आणि काही घरांत तेही नव्हते. म्हणून ऊनबंदी संपली की रोज संध्याकाळी पाचनंतर रेणू एकेका घरी जाऊन ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, एका जागी ठेवूही नका, असं सांगू लागली. कुणी ऐकून घ्यायचं, कुणी हसून दार लावायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या विणकर पद्माबाईंनी मात्र तिला मोरीपर्यंत नेलं. तिचं सगळं ऐकून घेतलं, ॲसिडची बाटली उचलली आणि गॅलरीतल्या कपाटात वेगळी नेऊन ठेवली.

"एवढीशी पोर तू," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवलं गं तुला हे?"

"माझ्या आजोबांनी. ते दगडांचे शास्त्रज्ञ आहेत."

"अजून आहेत?"

"आहेत," रेणू म्हणाली. "अजून शिकवतायत. रोज थोडंथोडंच, त्यांना दम लागतो. उद्या पाण्याचं सांगणार आहेत."

आणि ती चौथ्या मजल्याचा जिना चढू लागली.