फोर लो

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, रणवीरच्या बाबतीत घडलेली आहे. बडोद्यात, वासणा भागातल्या त्याच्या गॅरेजात. साल २००४. आणि रात्र नव्हती... वैशाखातली भर दुपार होती.

रणवीर गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. जोडीला अनीश, त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि धंद्यातला भागीदार.

त्या दिवशी सुभानराव एक फोर व्हील ड्राइव्ह गाडी दोरानं ओढून घेऊन आले. ते रणवीरच्या वडिलांचे जुने स्नेही. एरवी ताठ चालणारा माणूस, पण त्या दिवशी खांदे पार उतरलेले.

गाडी त्यांच्या मुलाची होती. हेरंबची.

होळीनंतर हेरंब सावली गावाच्या पुढे माही नदीच्या पात्रात गाडी घेऊन गेला होता. एकटाच. चाकं वाळूत रुतली. मग रात्री वरच्या धरणातून सोडलेलं पाणी चढलं. सकाळी तो सीटवरच सापडला...

पट्टा लावलेला.

अशा गाडीत समोर एक गोल बटण असतं. ते ‘फोर लो’वर फिरवलं, की खाली ट्रान्सफर केसवरची, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवरची छोटी मोटर फिरते, चारही चाकांना जोर मिळतो आणि रुतलेली गाडी निघते. हेरंबची गाडी बाहेर काढली तेव्हा बटण ‘टू’वर होतं. म्हणजे साध्या दोन चाकांवर.

लोक म्हणायला लागले, पोराला निघायचंच नव्हतं.

“दुरुस्त नको करूस, बेटा,” सुभानराव म्हणाले. “फक्त बघून सांग. बिघाड होता, की त्यानं...” पुढचं त्यांना बोलवेना. “त्याची आई जेवत नाही रे.”

संध्याकाळी येतो म्हणून ते गेले.

रणवीरला वाटलं, पाण्यात बुडलेली गाडी, वायरी सडल्याच असतील. नवी बॅटरी जोडली, फ्यूज पाहिले. मग मीटर घेऊन तो गाडीखाली सरकला. मोटरचा प्लग सोडवला. आतून बारीक वाळू सांडली. अनीश वर ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, बटण फिरवायला.

“फोर लो!” रणवीर खालून ओरडला.

वर बटणाचा टक् आवाज झाला. मीटरवर बारा व्होल्ट.

“टू!”

टक्. उणे बारा. करंट उलट दिशेनं. बरोबर.

पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी चोख.

म्हणजे बटण ठीक. वायर ठीक. मग त्यानं मोटरला थेट बॅटरी लावली. घुर्रर्र करून मोटरही फिरली.

बिघाड नव्हताच.

आता सुभानरावांना काय सांगायचं?

“अन्या, पुन्हा एकदा टूवर घे.”

टक्.

एवढा बडबड्या अनीश... मघापासून एक शब्द बोलला नव्हता.

आणि तेवढ्यात गाडी किंचित दबली. कोणी आत चढून बसल्यावर दबते, तशी.

डावीकडून.

अनीश तर उजवीकडे होता.

“कोण बसलं रे?”



टक्. मीटरवर बारा.

रणवीरनं काहीच सांगितलं नव्हतं.

टक्. उणे बारा.

टक्... टक्... बारा... उणे बारा... आता आवाज एकमेकांत मिसळायला लागले. बटणावर झोंबाझोंबी चालल्यासारखे. एक हात फोर लोवर नेत होता... दुसरा परत आणत होता.

वरून एक थेंब त्याच्या गालावर पडला. थंडगार. वैशाखात.

आणि मग त्याला दिसल्या चपला. गॅरेजच्या दारातून आत येणाऱ्या.

अनीशच्या.

“अरे रण्या, गिऱ्हाईक आलंय का?” अनीश दारातूनच म्हणाला. “मी तर दोनच चहा आणले. अजून दोन आणू?”

रणवीर कसा बाहेर आला, त्याचं त्यालाच कळलं नाही. कोपरं सोलून निघाली. मागे वळून पाहिलं...

गाडी रिकामी होती.

दोन्ही दारं बंद. सीट कोरड्या. बटण मात्र ओलं होतं. आणि ‘टू’वर होतं.

“तू कधी गेलास?” रणवीरनं विचारलं.

“केव्हाचा! तुला सांगून गेलो ना. तू हं म्हणालास.” अनीशनं गाडीच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. “ते दोघं कुठे गेले?”

रणवीरनं बॅटरी काढून टाकली. संध्याकाळपर्यंत दोघं गॅरेजच्या बाहेर, लिंबाखाली बसून राहिले.

सुभानराव आले. काही न विचारता समोर उभे राहिले.

“काका, हेरंबनं बटण फिरवलं होतं,” रणवीर म्हणाला. “एकदा नाही. पुन्हा पुन्हा. त्याला घरी यायचं होतं.”

म्हातारा रस्त्यातच बसला. तोंडात उपरणं धरून रडला. मग उठून त्यानं रणवीरच्या डोक्यावरून हात फिरवला.

“देवानं तुझं भलं करावं. आता त्याच्या आईला सांगतो.” दोन पावलं जाऊन तो थांबला. “पण मग... गाडी निघाली का नाही रे?”

रणवीर फडक्यानं बोटं पुसत राहिला.

“तो एकटाच होता ना?”

“हो, काका.”

गाडी पुढे भंगारात गेली. सुभानरावही आता नाहीत. आपण तेव्हा खोटं बोललो ते बरं केलं की वाईट, हे रणवीरला अजून ठरवता येत नाही. दुसरं कोणी त्या गाडीत होतं, हे कोणाला सांगणार? आणि काय म्हणून?

अनीश हा विषय काढू देत नाही. गेल्या दिवाळीत मीच एकदा छेडलं. त्यानं दारातून नक्की काय पाहिलं होतं?

त्यानं हातातली फराळाची बशी खाली ठेवली.

“उजवीकडचा रडत होता,” तो म्हणाला. “बटण घट्ट धरून.”

“आणि डावीकडचा?”

“तो बटणाकडे बघतही नव्हता... हात तेवढा बटणावर होता.” अनीशनं मान खाली घातली. “तो खाली वाकून बघत होता. रण्या नक्की कुठे झोपलाय, ते.”