दाराबाहेरचे बूट

मोस्तारला बर्फ पडत नाही, यावर मोस्तारकरांचा इतका ठाम विश्वास, की त्या सकाळी गुडघाभर बर्फ पाहूनही निम्म्या गल्लीने आधी डोळे चोळले. मेर्सिहाच्या अंगणातलं अंजिराचं झाड ओझ्याने मोडून आडवं झालं होतं. बस बंद, बेकरी बंद, शाळेला सुट्टी. मेर्सिहा शाळेत गणित शिकवायची. अवचित सुट्टी मिळूनही तिचा जीव टांगणीला लागला होता. तिचा नवरा झियाद आदल्या दिवशी कामासाठी यब्लानित्साला गेला होता, आणि नदीकाठचा रस्ता बंद पडला होता.

"खानावळीत आहे," तो सकाळी फोनवर म्हणाला. "गरम सूप आहे, गप्पा मारायला चार रिकामटेकडे आहेत. बूट तेवढे पार भिजलेत. रस्ता उघडला की निघतोच. आणि तू उगाच सगळं घर उपसत बसू नकोस!"

बायकोला पुरता ओळखून होता तो. काळजी लागली की मेर्सिहाचे हात कपाटांकडे वळायचे. दुपारपर्यंत तिने चादरींच्या नव्याने घड्या घातल्या, लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्या पुसून उंचीप्रमाणे लावल्या, आणि मग ती बोळकंडीतल्या बुटांच्या कपाटावर तुटून पडली. बाहेरचे बूट घालून घरात कुणी पाऊल टाकत नसल्यामुळे त्या कपाटात लग्नापासूनचा सगळा ऐवज साठला होता.

"नवरा बर्फात अडकलाय आणि ही बया चपलांची वर्गवारी करतेय," शेगडीजवळ विणत बसलेली तिची सासू जुल्सा म्हणाली.

"मग काय करू आई? तुमच्यासारखी सुस्कारे टाकत बसू?"

"माझे सुस्कारे निदान पायात येत नाहीत!"

दोघी हसल्या. हसल्यामुळे मेर्सिहाला जरा बरं वाटलं.

कपाटाच्या तळाशी झियादचे जुने तपकिरी बूट निघाले. तळ अजून शाबूत होते, आतून मात्र कुबट वास येत होता. बोळकंडीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मेर्सिहाने कोपराने दार ढकललं, बूट बाहेरच्या पायरीवर ठेवले, वारा लागू दे म्हणून, आणि पुन्हा आत येऊन कामाला लागली.

थोड्या वेळाने जुल्सा लाकडं घ्यायला उठली आणि बोळकंडीतच थबकली.

"झियादचे तपकिरी बूट आत्ता इथे होते. कुठे गेले?"

"बाहेर ठेवलेत. वास येत होता."

सासूच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "दाराबाहेर? अगं, जिवंत माणसाचे बूट दाराबाहेर ठेवतं का कुणी? मयताचे ठेवतात, मयताचे! ज्याला हवेत तो घेऊन जातो! तुला काय हे सांगायला हवं?"

सांगायला नकोच होतं. मेर्सिहाच्या वडिलांचे बूट तिनेच असे ठेवले होते. ती दाराकडे धावली. दार उघडलं, तर पायरी रिकामी होती.

पायरीपासून बर्फात पावलं निघाली होती, थेट फाटकाबाहेर. येणारं पाऊल एकही नव्हतं. कुणी अंगणाच्या भिंतीवरून आलं असेल, ती मनात म्हणाली. पण भिंतीवरचा बर्फही जसाच्या तसा होता.

ती तशीच शाल गुंडाळून बाहेर धावली. समोरची रझिया दारातला बर्फ फावड्याने ओढत होती.

"झियाद आला वाटतं?" रझियाने विचारलं. "आत्ताच गेला इथून. मी हाक मारली, तर मान वर करील तर शपथ! भांडलात की काय?"

"चेहरा पाहिलास त्याचा?"

"चेहरा कशाला पाहायला हवा? पोर असल्यापासून त्याचं चालणं पाहतेय मी."

पावलं गल्लीच्या टोकाला वळून नदीच्या रस्त्याला लागली होती. उत्तरेला, यब्लानित्साकडे. बर्फ अजून पडत होता, तरी त्यातलं एकही पाऊल बुजलं नव्हतं. मेर्सिहाला पुढे जायचा धीर झाला नाही. ती उलट पावली घरी पळाली आणि तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेवटी एकदाचा झियादने उचलला.

"अगं, गंमत ऐक. आत्ताच दार वाजलं. उघडलं तर कुणीच नाही! उंबऱ्याबाहेर बूट ठेवलेले. अगदी माझ्या जुन्या जोडीसारखे, तपकिरी. आणि आतून कोरडे ठणठणीत!"

इथून यब्लानित्सा पंचेचाळीस किलोमीटर. एवढ्या वेळात माणूस शहराबाहेरही पडला नसता.

"त्यांना हात लावू नकोस. झियाद, माझी शपथ आहे तुला."

"असं काय करतेस? ज्याचे असतील तो मागेल की. माझी बोटं काकडलीत, म्हणून घातले जरा वेळ." पाय आपटून पाहिल्याचा आवाज आला. "काय बरोबर बसलेत, काय सांगू तुला."

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

फोन चालूच होता. आधी वारा ऐकू आला. मग बर्फावरून चालणारी पावलं, एका लयीत, सावकाश. ती किती तरी वेळ हाका मारत राहिली. पावलं थांबली नाहीत.

दिवेलागणीला दार उघडलं.

झियाद आत आला. बूट काढून मोजे घातलेल्या पायांनी शेगडीपाशी येऊन बसला. मेर्सिहा रडत त्याच्याकडे झेपावली आणि हातभर अंतरावर थांबली. का थांबली, ते तिलाही कळलं नाही.

"रस्ता उघडला?" तिने विचारलं.

"नाही. चालत आलो."

"एवढं चालत?"

"बूट चांगले आहेत," तो म्हणाला.

जुल्सा मुलाकडे एकटक पाहत होती. त्याच्या खांद्यांवर बर्फ होता. शेगडी धगधगत होती आणि तो बर्फ वितळत नव्हता.

म्हातारीने कॉफी उकळली. तो ती प्यायला. तिने दुसरी केली. तीही तो प्यायला, घर छान लावलंयस, असं मेर्सिहाला म्हणाला. मग जुल्साने तिसरी ओतली आणि त्याच्यापुढे सरकवली.

पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची. तिसरी आली की पाहुण्याने समजायचं, आता उठायचं. घरच्या माणसाला ती कुणी देत नाही.

जुल्साचे गाल ओले झाले होते. हात मात्र स्थिर होता.

त्याने पेल्याकडे पाहिलं. सावकाश प्यायला. "बरं," म्हणाला आणि उठला.

मेर्सिहाला त्याची पाठमोरी मान दिसली. कानामागे उलटे फिरलेले ते केस. वर्षानुवर्षं तिने बोटांनी सारखे केलेले.

"जाऊ दे त्याला," सासू कुजबुजली. "पोरी, हाक मारू नकोस."

तो बोळकंडीत वाकला.

"थांब," मेर्सिहा म्हणाली. "बस. मी अजून एक करते."

तो वळला. हसला. पुन्हा येऊन बसला.

तिने पाणी उकळायला ठेवलं. मागे जुल्सा उठून आपल्या खोलीत गेली. आतून कडी लागली, आणि मग जड पेटी दाराकडे सरकवल्याचा आवाज आला.