मायनस चार आणि दाणाभर क्रीम

तो आत आला आणि त्यानं पुठ्ठ्याच्या बाईला विचारलं, "चष्मा दुरुस्त होईल का हो?"

आमच्या दुकानात दाराशी एक माणसाएवढी पुठ्ठ्याची बाई उभी असते. डोळ्यांवर चष्मा, दात चुन्यासारखे पांढरे, आणि गाल असे गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडावी. कंपनीनं फुकट दिलेली. मला ती आवडत नाही. का, ते माझ्याकडे एकदा बघितलं की कुणालाही कळतं.

बाई उत्तर देईना, तेव्हा तो आणखी नम्र झाला. हातातला मोडका चष्मा पुढे करून म्हणाला, "कुणीतरी बसलं यावर. काही होण्यासारखं असेल तर..."

"ती बोलत नाही," मी काउंटरमागून म्हणाले. "बोलायचं काम माझ्याकडे आहे."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. तो मोकळेपणानं हसला. "तरीच. म्हटलं, बाई रागावल्यात वाटतं."

"रागावलेली मी आहे. इकडे या."

त्याचे केस ओले होते आणि अंगाला तलावाच्या औषधाचा वास होता. पलीकडच्या रस्त्यावर पोहण्याचा तलाव आहे, तिथे तो मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो. त्याच्या वर्गातले एक आजोबा पाण्याला घाबरून मागे सरकत सरकत बाकावर बसले, ते नेमके चष्म्यावर. त्यांना काही बोललात का, असं मी विचारल्यावर म्हणाला, बोललो ना, म्हटलं आज निदान बसायला तरी शिकलात.

दुकान माझ्या आत्याचं. ती आतल्या खोलीत डोळे तपासते, मी बाहेर फ्रेमा बघते. आमच्यात गिऱ्हाइकाला नावानं ओळखत नाहीत, नंबरानं ओळखतात. मघाचे प्लस दोन आले होते का, त्या दीड नंबरवाल्या बाई फार घासाघीस करतात, असं. आत्यानं त्याला तपासलं. दोन्ही डोळे मायनस चार. तेव्हापासून तो मायनस चार.

आता माझ्या तोंडाबद्दल सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. सव्विसाव्या वर्षी मला मुरुम आहेत. एखाददुसरा नाही. दोन्ही गाल, हनुवटी, जबड्याची सगळी कड. आणि मुरुमांचं तोंड कुणा एकट्याच्या मालकीचं राहत नाही, ते सगळ्यांचं होतं. चष्म्याची काडी वाकवून घ्यायला आलेली बाई मला विचारते, पोट साफ होतं का. बाई, मी तुमच्या गुडघ्यांबद्दल काही विचारलं का? उशीचा अभ्रा बदल, तेलकट सोड, लिंबू चोळ, लग्न कर. लग्न झालं की जातात म्हणे. नवरा काय मलम आहे?

शेवटी मीच कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आई सोबत आली, कारण तिला यायचंच होतं. डॉक्टरीणबाईंनी एक क्रीम लिहून दिली आणि मास्तरणीसारखं बजावलं. रात्री तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग मटाराच्या दाण्याएवढी क्रीम सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायची. नुसती फोडांवर थापायची नाही. डोळे, ओठ आणि नाकाच्या कडा सोडायच्या. सुरुवातीला एक रात्र आड. दिवसा सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. आधी वाढल्यासारखं वाटेल, सालं निघतील, घाबरायचं नाही. फरक दिसायला तीन महिने तरी धरा. आणि दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा, ही क्रीम बंद करावी लागेल. इथे आईच्या मांडीवरची पर्स खाली पडली. घरी येईपर्यंत ती माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होती.

क्रीम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. वाढल्यासारखं वाटण्याचा जो काळ म्हणाल्या होत्या, तो जोरात चालू होता. आणि अशा ऐन वेळी मायनस चार माझ्यासमोर स्टुलावर बसला.

फ्रेम निवडताना अशा माणसाची मोठी पंचाईत होते. दुकानातल्या फ्रेमांना नंबर नसतो. त्या घालून आरशात बघितलं तर स्वतःच्या जागी ढग दिसतो. आरशाला नाक टेकवलं तर दिसतं, पण मग नुसतं नाकच दिसतं. म्हणून तो मला विचारायला लागला.

"ही कशी?"

"विमा विकायला आल्यासारखी."

"आणि ही?"

"हिच्यात तो विमा कुणी विकत घेतलेला नाही."

तो एवढ्या मोठ्यानं हसला की आत्यानं आतून डोकावून बघितलं. मग मी त्याला एक तपकिरी, जराशी गोल फ्रेम घातली आणि... गप्प बसले.

"काय झालं? इतकी वाईट?"

"बरे दिसता."

"बरे म्हणजे?"

"बरे म्हणजे बरे. बाकीचं घरी जाऊन विचारा."

"घरी भाऊ आहे. तो म्हणेल, स्वस्तातली घे." त्यानं फ्रेम काढून हातात घेतली. "दुसरं विचारावं असं... कुणी नाही."

हे कुणी विचारलं नव्हतं. तरी मी ऐकून ठेवलं.

काचा करायला द्यायच्या तर डोळ्यांमधलं अंतर मोजावं लागतं. नाकाच्या मुळाशी पट्टी धरायची आणि अगदी वीतभर अंतरावरून बघायचं. या कामाची मला भीती वाटते. समोरच्याची नजर आधी माझ्या डोळ्यांत असते, मग घसरते. डाव्या गालावर, हनुवटीवर, मग दचकून परत वर. टाचण्या टोचल्यासारखी. त्याची नजर घसरली नाही. माझ्या डोळ्यांत बघत राहिला, मीच पापण्या खाली घेतल्या. म्हटलं, बिचाऱ्याला दिसत नाही. आणि कित्येक महिन्यांनी मी एका अनोळखी माणसासमोर हनुवटी वर करून उभी राहिले.

काचांच्या पहिल्या जोडीवर ओरखडा निघाला. ती परत पाठवली. तोवर मायनस चार चौकशीला येत राहिला. चौकशी फोनवरही होते. दुपारचा वर्ग संपला की तो ओल्या केसांनी यायचा. दाराशी पुठ्ठ्याच्या बाईला म्हणायचा, तुम्ही बसा, मला यांच्याशी काम आहे. मग मी कधी नाकावरच्या गाद्या बसवून बघायची, कधी काड्या त्याच्या कानामागे नीट बसतात का ते बघायची. दोन्ही कामं एकदाच करायची असतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. आत्याला ठाऊक होतं. एकदा ती म्हणाली, कान वाढतायत का गं त्याचे?

तो पाण्यातल्या गोष्टी सांगायचा. पाण्यात चष्मा नसतोच, त्यामुळे कोण कसं हातपाय मारतं त्यावरून तो माणसं ओळखतो. घाबरट माणूस पाण्याला शिव्या दिल्यासारखे हात मारतो, म्हणायचा. मी विचारलं, मी कशी मारीन? म्हणाला, तुम्ही तर पाण्यालाच ओरडाल, नीट वाग म्हणून. मला राग यायला हवा होता. आला नाही. रात्री क्रीम लावताना मी आरशासमोर हसत होते, आणि क्रीम लावताना हसायचं नसतं, ती तोंडाच्या कडांना जाते.

मग लॅबमधून निरोप आला की नव्या काचा शनिवारी येतायत.

चष्मा आला की त्याला दिसणार. पुठ्ठ्याच्या बाईचे गाल दिसणार आणि शेजारी माझे. मी काय केलं सांगते. दाण्याएवढी क्रीम अंगठ्याएवढी केली. एक रात्र आड सोडून रोज लावली, सकाळीही एकदा चोपडली. तीन महिन्यांचं काम मला शनिवारच्या आत उरकायचं होतं.

शुक्रवारी सकाळी उठले तर तोंड भाजल्यासारखं. गाल लालभडक, ओठांच्या कडेला सालं लोंबतायत, साधं पाणी लागलं तरी तिखट लागल्यागत आग. मुरुम होते तिथेच होते. तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, एवढी घाई कशाची होती. मी म्हटलं, एक चष्मा तयार व्हायचा होता. त्या म्हणाल्या, कातडीला दमदाटी करून काम होत नाही. क्रीम बंद. आग थांबेपर्यंत फक्त साधं मॉइश्चरायझर. नंतर पुन्हा दाण्यापासून सुरुवात, तीही दोन रात्री सोडून.

शनिवारी मी आत्याला म्हटलं, मायनस चार येईल, तू देऊन टाक. ती म्हणाली, कान तू मोजलेस, तूच दे. आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. दार मात्र उघडं ठेवलं.

मी मास्क लावला. तो आला. मी चष्मा काउंटरवरून लांबूनच सरकवला, एखाद्याला नोटीस द्यावी तसा. त्यानं घातला, रस्त्याकडे बघितलं, पाट्या वाचल्या, पुठ्ठ्याच्या बाईला नीट न्याहाळलं. मग माझ्याकडे वळला.

"सर्दी?"

"हो."

"कानामागे टोचतोय."

"टोचत नाही. मी स्वतः वाकवलाय."

"टोचतोय म्हटलं ना. बघा तरी."

मी गेले. काड्या नीट होत्या, हे दोघांनाही कळत होतं. मास्कच्या आत आग पेटली होती, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं विचारलं, फार दुखतंय का काही? आणि मला एकदम सगळ्याचा संताप आला. मास्कचा, क्रीमचा, त्याचा, माझा.

"बघायचंय ना?" मी मास्क काढला. "बघा. आता नंबरही आहे."

त्यानं बघितलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे लाल कशानं झालं? परवापर्यंत नव्हतं."

"परवापर्यंत तुम्हाला काय माहीत काय होतं?"

"मुरुम होते. हनुवटीवरचा मोठा बसत आला होता. पण ही आग नव्हती."

माझा हात हनुवटीवर गेला.

"मला लांबचं दिसत नाही," तो सावकाश म्हणाला, पोहायला घाबरणाऱ्याशी बोलावं तसा. "जवळचं सगळं दिसतं. तुम्ही रोज माझ्या नाकासमोर वीतभरावर उभ्या होतात. दुकान तुमचं, तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

मला माहीत होतं. हे मी दिवसातून दहा गिऱ्हाइकांना समजावते. मायनसवाल्याला लांबचं धूसर आणि जवळचं लख्ख, काकू, म्हणून तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो. आतल्या खोलीत आत्याला खोकला आला. तो खोकला नव्हता.

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडलेच.

"काय सांगायचं होतं? बाई, तुमच्या गालांवर मुरुम आहेत? तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

मी मास्क खिशात कोंबला.

"मग... रोज येत कशाला होतात?"

आता तो अडखळला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी पोहायला शिकवतो. दिवसभर लोकांना म्हणतो छान, जमलं, जमतंय. बुडत असले तरी म्हणतो. मला कुणी तोंडावर खरं बोललं की... दिवस बरा जातो." मग खाली बघत म्हणाला, "आणि तुम्ही 'बरे दिसता' म्हणालात. ते घरी जाऊन कुणाला विचारता येत नव्हतं. म्हणून इथेच येत होतो."

काय बोलावं ते मी ठरवून ठेवलेलं होतं. तीन महिन्यांनी, तोंड साफ झालं की, एखादा चांगला ड्रेस घालून, अगदी सहज बोलल्यासारखं. त्या क्षणी माझ्या ओठाच्या कडेला एक साल लोंबत होतं.

"तुम्ही मला आवडता," मी म्हणाले. "हे तोंड असं आहे. औषध चालू आहे, म्हणजे सध्या बंद आहे, पुन्हा सुरू होईल. जातील, नाही जातील, डाग राहतील. मी रोज विचारणार नाही की कशी दिसते, आणि तुम्ही रोज सांगायचं नाही की छान, जमतंय. चालेल का ते सांगा."

माणसाच्या काना-नाकापर्यंत पोचलेली मी, पण एवढा लाल कान कधी बघितला नव्हता.

"चालेल," तो म्हणाला. मग घाईनं, "धावेल. म्हणजे... मला काय म्हणायचं होतं..."

"कळलं तिला," आत्या आतून म्हणाली. "बाहेर जा दोघं. मला गिऱ्हाइकं आहेत."

गिऱ्हाईक एकही नव्हतं. बाहेर ऊन होतं. मी दाराशी थांबून सनस्क्रीन काढलं आणि फुंकर घालत घालत, पोळलेली जागा सांभाळत लावायला लागले. झोंबत होतं. तो दार धरून उभा राहिला, घड्याळाकडे न बघता. मी विचारलं, कुठे राहिलंय का?

"इथे," तो म्हणाला. बोट माझ्या कानाजवळ आणलं आणि हवेतच थांबवलं. "हात लावला तर दुखेल?"

"गालाला दुखेल."

"मग नाही लावत."

बोट तसंच हवेत. रस्त्यावरून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली.

"कानामागे भाजलेलं नाही," मी म्हणाले. "तिथे लाव."