दहावा डबा

"मॅडम, तुमच्या गाडीचे ब्रेक लयच तेल पिऊन राहिले."

मी मागे वळून पाहिलं. सौंसरच्या बसस्टँडजवळच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात, काउंटरला टेकून तो उभा होता. नखांच्या कडांना निळा रंग आणि मनगटापासून कोपरापर्यंत बारीक चंदेरी ठिपके.

"तीन हप्ते झाले, पाहून राहिलो," तो म्हणाला. "दर सोमवारी अर्धा लिटर ब्रेक ऑईल. एवढं तर ट्रकालेही नाही लागत. एकदा गाडी दाखवून द्या, माहं गॅरेज बाजूलेच आहे."

"माझ्याकडे गाडी नाही. मी बसने येते."

"मंग तेल पिते कोण?"

"मालगाडी," मी म्हणाले.

दुकानदार खो खो हसला. तो मात्र हसला नाही. त्याने मान किंचित तिरपी केली आणि अगदी सरळपणे विचारलं,

"किती डब्यांची?"

आजवर हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. म्हणूनच असेल... माझी बस सुटत होती तरी मी थांबले आणि त्याला सगळं सांगितलं.

बाबा बत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लास्टिकच्या पत्र्यांतून एक मालगाडी बनवली. प्रत्येक डबा वीतभर लांब. नऊ मालाचे डबे आणि शेवटी गार्डचा डबा, ज्याच्या ओट्यावर गव्हाच्या दाण्याएवढा एक गार्ड उभा. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात कापत राहिला. तरी त्यांनी एक दिवस हट्टाने ब्रश घेतला आणि सगळे डबे पुन्हा रंगवायला काढले. ऑईल पेंट जाड बसला, ओघळला, आकडे त्याखाली बुजले. संध्याकाळी त्यांनी दहाही डबे पलंगाखाली सरकवले आणि त्यानंतर त्यांचं नाव काढलं नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांचं ते गप्प राहणं मला रोज ऐकू यायचं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी नागपूरला अशा छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन होतं. मी बाबांच्या नावाने अर्ज भरून टाकला. बाबा म्हणाले, "मी नाही येत. ते डबे आता कोणी पाह्यन्याजोगे नाहीत." मी म्हणाले, "पाहण्याजोगे होतील."

मी रोज पांढुर्ण्याहून सौंसरला येऊन अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. तो जाड रंग उतरवण्यासाठी त्याच प्लास्टिकच्या रंगवलेल्या कपट्यांवर मी एकेक द्रव तपासला. थिनरमध्ये कपटा चाळीस सेकंदांत मऊ पडला. अॅसिटोनमध्ये विरघळला. स्पिरिटने रंग नुसता फुगला. ब्रेक ऑईलमध्ये मात्र अठरा तासांनी दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून सुटला आणि प्लास्टिक जसंच्या तसं राहिलं. तेव्हापासून हातमोजे, जुना टूथब्रश, साबणाचं पाणी आणि दर सोमवारी अर्धा लिटर.

"उतरवणं मला जमतं," मी त्याला सांगितलं. "चढवणं जमत नाही."

"मले चढवणं जमते," तो म्हणाला. मग स्वतःच्याच वाक्याने थोडा लाजला. "म्हणजे... रंग. मोटारसायकलीच्या टाक्यांवर वाघ, गरुड, नावं काढतो मी. रंगाच्या फवाऱ्याची बारीक गन आहे माह्यापाशी. कुलदीप खवसे."

"वृषाली."

"घेऊन या मालगाडी. पाहू."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एक स्वच्छ केलेला डबा, एक रंग न उतरवलेला डबा आणि प्लास्टिकचा एक कपटा घेऊन गेले.

"आधी या तुकड्यावर मारा," मी म्हणाले. "तुमच्या रंगात थिनर आहे. प्लास्टिक वितळेल."

"भिजवलं तं वितळते. शिंपडलं तं नाही." त्याने गन उचलली. हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, कुठेही थांबला नाही. धुक्याएवढा पातळ थर बसला आणि पाहता पाहता सुकला. मी कपटा नखाने तपासला, वाकवला, वास घेतला.

"पास झालो का, मॅडम?"

"काठावर."

तो हसला. त्याच्या डाव्या गालावर हसताना खळी नव्हे, एक आडवी रेघ पडते. ही नोंद घेण्याची काही गरज नव्हती. मी घेतली.

खरा प्रश्न होता तो मूळ रंगाचा. बाबांकडे फोटो होते ते फिकटलेले. कुलदीप म्हणाला, "गाडीले रंग जुळवाचा असला का आम्ही पेट्रोल टाकीचं झाकण उघडतो. उन्हानं, पावसानं बाहेरचा रंग बदलते. झाकणामागचा नाही बदलत." त्याने अजून न उतरवलेला एक डबा उलटा केला आणि चाकांच्या मधोमध टॉर्च मारली. तिथे बाबांचा ब्रश पोहोचला नव्हता. बोटाच्या पेराएवढा गडद तांबूस, विटेपेक्षा थोडा काळसर रंग तिथे शाबूत होता.

आम्ही दोघं त्या पेराएवढ्या रंगावर वाकून उभे होतो. त्याच्या शर्टाला थिनरचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येत होता.

"संत्री खाता का काम करताना?"

"सौंसरात राहून नाही खाल्ली तं लोक गावाबाहेर काढतीन ना!"

पुढचे दहा-बारा दिवस मी उतरवत होते आणि तो रंग जुळवत होता, तोही फक्त उन्हात. ट्यूबलाइटखाली दाखवलेला रंग तो मान्यच करायचा नाही. एक नियम आणखी होता. "दव गेल्याबगर मी गन नाही धरत. थंडीत दहा वाजेपर्यंत तं नाहीच." आणि एक हट्ट, जो मला कळेना.

"नऊ डबे मी मारतो," तो म्हणाला. "दहावा नाही."

"का?"

"तो माह्या हातचा नाही."

"गार्डचा डबा सगळ्यात सोपा आहे. मी तुम्हाला मापं देते."

"मापाचा प्रश्न नाही, मॅडम. तुम्ही त्याचा जुना रंग तेवढा उतरवून ठेवा."

मला राग आला. नऊ डब्यांना शेवटचा डबा नसेल तर ती गाडी कसली? पण वाद घालायला वेळ नव्हता. प्रदर्शनाला आठ दिवस राहिले आणि शनिवारी मावठा कोसळला. रात्रभर गारठा. रविवारी सकाळी पाऊस थांबलेला, पण हवा ओल्या फडक्यासारखी. मी साडेआठलाच गॅरेजवर पोहोचले.

"आज नाही," कुलदीप म्हणाला. "हवेत पाणी आहे."

"उद्यापासून तपासणीचं पथक शाळेत आहे. शनिवारपर्यंत मला सुट्टी नाही. आजच मारायचे."

"बारा वाजेपर्यंत थांबून पाहू."

"पुन्हा पाऊस आला तर? मारा तुम्ही. माझी जबाबदारी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गनला हवा देणारा कंप्रेसर सुरू केला.

अर्ध्या तासात नऊही डब्यांवर दुधाळ पांढुरका थर चढला. जणू कोणी त्यांच्यावर श्वास सोडला होता आणि तो परत घ्यायला विसरलं होतं. मी बोट फिरवलं. थर पुसला जाईना, तो रंगाच्या आतच होता. थिनर उडताना रंग गार पडला, गार रंगावर हवेतलं पाणी बसलं. बाष्पीभवनाने थंडावा येतो. हे मी दर वर्षी अकरावीला शिकवते. उदाहरणासहित.

मी तिथेच स्टुलावर बसले. कुलदीपने "मी म्हटलंच होतं" असं म्हणायला हवं होतं. मी वाट पाहत होते. तो एक संत्रं सोलत होता. अर्धं माझ्यापुढे धरलं.

"थिनरचा हात मारून हे धुकं उतरते," तो म्हणाला, "पण तेवढ्या थिनरात प्लास्टिक नाही वाचणार."

"मग ब्रेक ऑईल. अठरा तास." मी उठले. "सगळे पुन्हा उतरवते."

"सगळे नऊ? शाळा करून?"

"रोज दोन. शुक्रवारी एक."

"रोज एक तुम्ही, एक मी," तो म्हणाला. "हातमोजे आणून ठेवा माह्या मापाचे. तुमचे तं माह्या दोन बोटालेच येतीन." मग जरा थांबून, "आणि शनिवारी मी कंप्रेसर घेऊन पांढुर्ण्याले येतो. हे काम तुमच्याच अंगणात व्हाले पाह्यजे."

"का?"

"तुम्ही लय काहून-काहून करता, मॅडम. परीक्षा घेऊन राहिल्या का?"

शनिवारी तो आठलाच आला, पिकअपमध्ये कंप्रेसर बांधून. अंगणातल्या पारिजाताच्या पानांवर अजून थेंब होते. बाबा बाजेवर शाल घेऊन बसले होते, तोंड भिंतीकडे करून. कुलदीप त्यांच्या पायाशी बसला.

"काकाजी, घाटात गाडी मागं सरकू लागली तं गार्ड काय करते जी?"

बाबांनी भिंतीकडून मान वळवली. "आपल्या डब्यातला हँडब्रेक आवळते." आणि मग दीड तास ते बोलत होते. मी ओसरीवर उभी राहून पानांवरचे थेंब आटताना पाहत होते. या वेळी मी घाई केली नाही.

पावणेअकराला नऊ डबे झाले. गडद तांबूस, एकसारखे, कुठे ओघळ नाही. मग कुलदीपने दहावा डबा पाटावर ठेवला, चाकांना आणि त्या दाण्याएवढ्या गार्डला कागदी टेप लावली, अंकांचा कापलेला साचा बाजूला काढला आणि गन बाबांपुढे धरली.

"काकाजी, हा तुमचा."

बाबांचा चेहरा कठीण झाला. "माहा हात पाह्यला का तू?"

"पाह्यला ना जी. म्हणूनच तं. ब्रश टेकवा लागते, त्याले थांबलेला हात पाह्यजे. गन टेकवत नाहीत. आणि गन एका जागी थांबली का रंग ओघळलाच समजा." त्याने बाबांच्या मुठीत गन ठेवली. "इथं हालता हात पाह्यजे."

फुस्स आवाज झाला. बाबांचा हात कापत होता आणि त्या कापण्यासकट गन पुढे सरकत होती, परत येत होती. पातळ धुकं डब्यावर बसत होतं. एक थर, दोन, तीन. तो सुकल्यावर कुलदीपने साचा दाबून धरला आणि बाबांनी त्यावर पांढरा फवारा मारला. साचा उचलला तेव्हा आकडे उभे होते, कडांसकट, स्वच्छ.

बाबांनी वाकून एकेक आकडा वाचला. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "उद्या नागपूरले कितीच्या गाडीनं निंगाचं?"

उत्तर कुलदीपनेच दिलं.

तो गनमध्ये थिनर ओतून ती धूत होता, तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. वाक्य मी शुक्रवारीच तयार करून ठेवलं होतं, एक डबा टूथब्रशने घासताना.

"पहिल्या दिवसापासून तुम्ही हा डबा त्यांच्यासाठी ठेवला होता."

"हाव."

"सांगितलं का नाही?"

"तुम्ही आधी कपट्यावर तपासलं असतं," तो म्हणाला. गालावर ती आडवी रेघ.

"कुलदीप, मला एक विचारायचं आहे. उत्तर हो किंवा नाही, एवढंच हवं."

त्याचे हात थांबले.

"मला आता ब्रेक ऑईल लागणार नाही. तरी येत्या सोमवारी मला तुमच्याकडे यायचंय. त्याच्या पुढच्याही सोमवारी. आणि... फक्त सोमवारांवर माझं भागणार नाही. माझ्याशी लग्न कराल?"

गनच्या तोंडातून थिनरचा एक थेंब त्याच्या चपलेवर पडला. त्याचे कान त्या नऊ डब्यांच्या रंगाचे झाले.

"थोडं... दव जाऊ द्या ना, मॅडम," तो पुटपुटला.

"साडेअकरा वाजलेत. दव केव्हाच गेलं."

तो खाली मान घालून हसला. "तीन हप्ते मी त्या दुकानात उभा राहिलो. तुम्हाले काय वाटलं, मी तेल पाहून राहिलो होतो?"

"हे उत्तर नाही."

मागून बाजेवरून आवाज आला. बत्तीस वर्षं गाड्या सोडलेला, बऱ्याच दिवसांनी खणखणीत झालेला आवाज.

"बाबू, तिनं सिग्नल देला ना? मंग गाडी उभी काहून ठेवली?"

"हाव जी," कुलदीप म्हणाला. म्हणाला बाबांना, पण पाहत होता माझ्याकडे.